चित्रात लपलेली सही

जत्रेच्या रात्री देवळासमोरील मांडवात रंगलेले संगीत नाटक, स्पर्धेत गाजलेला एखादा प्रयोग, भजनी मंडळाची बैठक, घरातले लग्न. गोव्यात काय किंवा बेळगाव-इंदूरकडे काय, एका संपूर्ण पिढीच्या अशा आठवणी व्हीएचएस कॅसेटवर साठवलेल्या आहेत. त्या कॅसेट आता कपाटांतून बाहेर निघत आहेत, संगणकावर उतरवल्या जात आहेत आणि तेथून पाहता पाहता सर्वत्र पसरत आहेत. मग कधीतरी एक अडचण उभी राहते. रात्रभर कॅमेरा खांद्यावर घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाचे चित्रण भलत्याच वाहिनीवर दिसते, कोपऱ्यात त्या वाहिनीचा लोगो झळकत असतो. मूळ चित्रणकार तक्रार करतो, तेव्हा समोरून शांतपणे विचारणा होते : हे तुमचेच, याला पुरावा काय?

कोपऱ्यातला लोगो हा पुरावा नव्हे. तो कोणालाही, कोणत्याही चित्रणावर, केव्हाही लावता येतो. मूळ लोगो असलाच, तर चित्राची कड कापून किंवा त्यावर दुसरा ठसठशीत लोगो ठेवून तो नाहीसा करता येतो. दिसणाऱ्या खुणेचा हा जन्मजात दोष आहे. म्हणूनच नोटेतल्या जलचिन्हासारखी, सहज न दिसणारी पण शोधणाऱ्याला सापडणारी खूण चित्राच्या अंगातच मिसळावी, ही कल्पना पुढे आली. इंग्रजीतला वॉटरमार्क हा शब्द कागदाच्या धंद्यातून तसाच उचलला गेला.

येथे एक गल्लत टाळायला हवी. कुलूप वेगळे आणि सही वेगळी. १९८५ साली ‘द कॉटन क्लब’ या चित्रपटाच्या कॅसेटवर पहिल्यांदा आलेली मॅक्रोव्हिजन ही पद्धत कुलपाची होती. चित्राच्या न दिसणाऱ्या ओळींत खोटे स्पंद घालून ती दुसऱ्या व्हीसीआरच्या आपोआप पातळी सांभाळणाऱ्या यंत्रणेला चकवत असे, त्यामुळे नक्कल केलेल्या कॅसेटवर चित्र कधी अंधारे तर कधी भगभगीत होई. डिजिटल काळात कुलपे अधिक मजबूत झाली, पण टीव्हीपर्यंत चित्र पोहोचवण्यासाठी ते कोठेतरी साध्या विजेच्या लहरीत उतरवावे लागे आणि तेथे सगळी कुलपे निरुपयोगी ठरत. चित्रपट व्यवसायाने या जागेला ‘अ‍ॅनालॉग भोक’ असे नाव दिले. डिसेंबर २००५ मध्ये अमेरिकेच्या संसदेत ते बुजवण्यासाठी विधेयकही आले होते. लहरीत मिसळलेल्या दोन प्रकारच्या खुणा प्रत्येक यंत्राने ओळखल्याच पाहिजेत, अशी सक्ती त्यात सुचवली होती. ते संमत झाले नाही. सही मात्र कोणालाही अडवत नाही. नक्कल होऊ देते, नकलेबरोबर स्वतःही जाते आणि वाद उभा राहिला की साक्षीला येते.

अशा सहीचा पहिला प्रसिद्ध नमुना चित्रातला नसून संगीतातला आहे आणि तो संगणकयुगाच्या बराच आधीचा आहे. हॉटेलांत आणि कचेऱ्यांत पार्श्वसंगीत पुरवणाऱ्या म्यूझॅक या अमेरिकी कंपनीतील एमिल हेम्ब्रुक यांनी १९५४ मध्ये त्यासाठी पेटंटचा अर्ज केला, ते १९६१ मध्ये मंजूर झाले. त्यांची युक्ती मोठी सुंदर होती. संगीतात काही भरण्याऐवजी त्यांनी थोडे काढून घेतले. एक हजार हर्ट्झच्या आसपासची अगदी अरुंद पट्टी क्षणभर गाळायची, पुन्हा सोडायची; गाळण्याचा काळ कधी लहान, कधी मोठा ठेवायचा. या लहान-मोठ्या रिकाम्या जागा म्हणजे तारायंत्राची मोर्स लिपी. ऐकणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नसे, पण योग्य यंत्र लावले की संगीत स्वतःच आपल्या मालकाची ओळख सांगत असे.

चित्राच्या बाबतीत हेच करायचे तर आधी वायरमधून चित्र कसे वाहते ते पाहावे लागते. भारतात १९८२ साली रंगीत प्रक्षेपण सुरू झाले ते ‘पाल’ पद्धतीने आणि येथील बहुतेक कॅसेटही त्याच पद्धतीच्या. या पद्धतीत सेकंदाला २५ चित्रे असतात, प्रत्येक चित्र ६२५ आडव्या ओळींचे असते. ओळी एकामागून एक सरळ येत नाहीत. आधी एकाआड एक ओळींचे अर्धे चित्र येते, मग राहिलेल्या ओळींचे दुसरे अर्धे. या अर्ध्या चित्राला फील्ड म्हणतात. हिशेब केला तर प्रत्येक ओळीच्या वाट्याला ६४ मायक्रोसेकंद येतात, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाचे ६४ भाग. त्यांतले साधारण १२ मायक्रोसेकंद कवायतीचे असतात. त्यात एक खोल खड्डा येतो, तो टीव्हीला सांगतो की नवी ओळ सुरू झाली. त्यामागून काळ्या रंगाची पातळी आणि रंगाचा संदर्भ येतो. उरलेल्या ५२ मायक्रोसेकंदांत खरे चित्र असते. व्हीसीआरच्या पिवळ्या सॉकेटमधून हे सगळे एकाच तारेवरून येते. खड्डा शून्य व्होल्टला धरला तर काळा रंग ०.३ व्होल्टला आणि पांढरा १ व्होल्टला. मधल्या ०.७ व्होल्टमध्ये उजेड-अंधाराचे सारे विश्व सामावलेले असते.

म्हणजे कोणत्याही क्षणी तारेवरचा दाब किंचित वाढवला की पडद्यावरचा तेवढाच तुकडा किंचित उजळतो. दाब वाढवणे सोपे आहे. नेमका क्षण पकडणे हे खरे काम. ते दोन चिप मिळून करतात. पहिली, एलएम १८८१ या क्रमांकाने वर्षानुवर्षे ओळखली जाणारी, लहरीतले खड्डे वेगळे काढते आणि ‘नवी ओळ आली’, ‘नवे फील्ड आले’, ‘हे फील्ड विषम की सम’ असे इशारे देत राहते. दुसरी म्हणजे मायक्रोकंट्रोलर : वॉशिंग मशीनपासून खेळण्यांपर्यंत सर्वत्र आढळणारा, काही शे रुपयांत मिळणारा एका चिपवरचा छोटा संगणक. आर्डुइनोच्या निळ्या पाटीवर बसणारा एटीमेगा ३२८ घेतला तर तो सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोक्यांवर चालतो. एका ओळीच्या ६४ मायक्रोसेकंदांत त्याला बरोबर १,०२४ ठोके मिळतात, चित्राच्या भागात ८३२. आकडे लहान वाटतात, पण मोजणी करत ठरावीक क्षणी एक पाय चालू-बंद करण्यासाठी ते पुष्कळ आहेत.

अर्थात पहिल्या प्रयत्नात बहुतेकांचे हसे होते. पडद्यावर साधे नाव उमटवायला जावे तर अक्षरांच्या कडा थरथरू लागतात. कारण असे की, इशारा आला तेव्हा मायक्रोकंट्रोलर एखाद्या आज्ञेच्या मध्यावर असेल, तर ती संपवूनच तो इशाऱ्याकडे वळतो. हा उशीर कधी एका ठोक्याचा, कधी चारांचा. चार ठोके म्हणजे पाव मायक्रोसेकंद. ४० सेंटिमीटर रुंदीच्या पडद्यावर ते सुमारे दोन मिलिमीटर भरतात. उपाय गमतीदार आहे. इशारा येण्याच्या थोडे आधी चिपला झोपवून ठेवायचे. झोपलेली चिप जागी व्हायला दर वेळी तेवढाच वेळ घेते, त्यामुळे थरथर थांबते.

दाब किती वाढवायचा? सहीसाठी पूर्ण पातळीच्या एक टक्का, म्हणजे सुमारे ७ मिलिव्होल्ट, हे माप सुरुवातीला ठीक ठरते. व्हिडिओची तार दोन्ही टोकांना ७५ ओहमने बांधलेली असते, म्हणजे मधल्या बिंदूला दोन्ही मिळून ३७.५ ओहम दिसतात. मायक्रोकंट्रोलरच्या ५ व्होल्टच्या पायापासून त्या बिंदूपर्यंत २७ किलोओहमचा एक रोध जोडला, की जवळजवळ नेमके ७ मिलिव्होल्ट चढतात. पाय मोकळा सोडला की चित्र होते तसेच. रंगाची माहिती वेगळ्या जलद कंपनात असल्याने तिला धक्का लागत नाही. एकच पथ्य कडकपणे पाळायचे : कवायतीच्या १२ मायक्रोसेकंदांना हात लावायचा नाही. तेथे ढवळाढवळ झाली तर टीव्हीचा काळ्या रंगाचा अंदाजच चुकतो आणि लपलेली सही साऱ्या घराला दिसते.

आता सही लिहायची कोठे, हा खरा पेच. सर्वांत सोयीची जागा म्हणजे दोन फील्डांमधल्या न दिसणाऱ्या ओळी. टेलिटेक्स्टचा मजकूर तेथूनच जात असे. पण कॅसेट संगणकावर उतरवताना फक्त चित्राच्या ओळी घेतल्या जातात, बाकीच्या टाकून दिल्या जातात. तेथे केलेली सही पहिल्याच पायरीला पुसली जाते. चित्राच्या आत, शेजारशेजारच्या ओळींपैकी एक उजळ आणि एक तशीच ठेवावी, तर टीव्हीवर ते काम देते. पण मोबाइलसाठी चित्र लहान केले की शेजारच्या ओळी एकमेकींत विरघळतात आणि सहीही विरघळते. चित्राच्या अगदी तळाच्या काही ओळी तर व्हीएचएसमध्ये मुळातच फाटक्या असतात, कारण तेथे फिरत्या ढोलावरचे एक हेड काम थांबवते आणि दुसरे सुरू करते. आडव्या दिशेने बारीक नक्षी काढावी म्हटले तर व्हीएचएसला तेवढा तपशील धरताच येत नाही.

या सगळ्यांतून वाट काढत जे उरते ते जाडसर पट्ट्यांचे काम. प्रत्येक फील्डच्या मधल्या २५६ ओळी घ्यायच्या, त्यांचे आठ-आठ ओळींचे पट्टे करायचे. ३२ पट्टे म्हणजे १६ जोड्या. प्रत्येक जोडीतला एक पट्टा एक टक्का उजळ करायचा. वरचा की खालचा, हे गुप्त किल्लीवरून ठरते. हा नमुना एक सेकंद तसाच ठेवायचा आणि पुढच्या सेकंदाला नवा घ्यायचा, म्हणजे चित्र फडफडत नाही. निरभ्र आकाशासारख्या सपाट भागात तीक्ष्ण नजरेला पट्ट्याची कड जाणवू शकते, म्हणून कडा थोड्या मऊ कराव्या लागतात. हे कारागिरीचे काम आहे आणि त्याला ठरलेले एक उत्तर नाही.

इतकी फिकट खूण नंतर सापडते कशी? मतमोजणीने. प्रत्येक जोडीतला ‘उजळ असायला हवा’ तो पट्टा घ्यायचा, त्यातून दुसऱ्याची उजळी वजा करायची. चित्रात तेथे पांढरा सदरा असेल किंवा काळोखी विंग असेल, त्यामुळे एकट्या जोडीचे मत निरर्थक असते. समजा, चित्रामुळे येणारा चढउतार साधारण दहा टक्क्यांचा आहे आणि सही फक्त एक टक्क्याची. पण चढउतार कधी बाजूने, कधी विरुद्ध असतो, सही मात्र नेहमी एकाच बाजूने बोलते. मते वाढत गेली की सहीची बेरीज मतांच्या संख्येच्या प्रमाणात वाढते, गोंगाटाची मात्र त्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. एका मिनिटात ९६० मते मिळतात. वर्गमूळ सुमारे ३१. म्हणजे सही गोंगाटाच्या तिप्पट. एका तासात ५७,६०० मते, वर्गमूळ २४०, सही गोंगाटाच्या चोवीसपट. नाटकाच्या एका मिनिटाच्या तुकड्यावर हुज्जत घालता येईल, तासाभराच्या चित्रणावर नाही. याच तत्त्वावरचे ‘पॅचवर्क’ नावाचे तंत्र वॉल्टर बेंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये मांडले. फिलिप्स कंपनीच्या हाइट्स्मा आणि काल्कर यांनी २००१ मध्ये चित्रपटगृहासाठी सुचवलेली पद्धतही संपूर्ण चित्राच्या उजळीत काळानुसार सूक्ष्म बदल करण्याची होती. चित्र कापले, वाकवले, लहान केले तरी उजळी बरोबर राहते, हा त्यामागचा विचार.

‘तिप्पट’ याचा अर्थ नीट समजून घेण्यासारखा आहे. सही नसताना केवळ योगायोगाने तिप्पट आकडा येण्याची शक्यता सुमारे ७४० मध्ये एक. ऐकायला ती नगण्य वाटते. पण वादग्रस्त तुकडा मूळ चित्रणाच्या कितव्या सेकंदापासून सुरू होतो हे माहीत नसेल, तर तासाभराच्या चित्रणात ३,६०० जागा तपासाव्या लागतात आणि तेव्हा चार-पाच ठिकाणी तरी खोटी सही ‘सापडते’. सहापट ही अट ठेवली, तर योगायोगाची शक्यता शंभर कोटींत एकाच्या घरात जाते आणि ३,६०० वेळा तपासूनही निष्कर्ष डळमळत नाही. उलटतपासणी घेणाऱ्या वकिलाने तज्ज्ञाला पहिला प्रश्न विचारावा तो हाच : किती जागा तपासल्या?

गुप्त किल्ली कशी वापरायची याबद्दलही दोन शब्द. छंद म्हणून असे काम करणारे बरेचदा सोपी नोंदवही वापरतात. सोळा बिटांची एक रांग, प्रत्येक पावलाला थोडी सरकणारी आणि ६५,५३५ पावलांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू होणारी. ती यादृच्छिक दिसते, पण सलग ३२ बिटे हाती आली की १९६९ पासून ठाऊक असलेल्या बर्लेकॅम्प-मॅसी पद्धतीने सगळी रांग उघड होते आणि ज्याला रांग कळली तो सही पुसूही शकतो. त्यापेक्षा सेकंदाचा क्रमांक एईएस या मान्य सांकेतिक पद्धतीतून काढावा. लहान मायक्रोकंट्रोलरलाही त्यासाठी मिलिसेकंदाचा काही अंश पुरतो आणि येथे तर सेकंदाला एकदाच ते करायचे आहे. किल्ली फक्त चिपमध्ये ठेवून निर्धास्त राहणे मात्र भाबडेपणाचे. स्वस्त चिपची वाचनबंदी भेदल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत.

संगणकावर हेच काम अधिक सुबकपणे होत असताना वेगळी डबी कशाला, असा प्रश्न साहजिक आहे. तासभर निवांत बसून चित्राचा प्रत्येक भाग न्याहाळणारी आज्ञावली उजेड-अंधार पाहून सही कमी-जास्त करते, ते मायक्रोकंट्रोलरला जमणार नाही. डबीचा फायदा दुसरा आहे. संगणकावर सही करण्यापूर्वी सहीविना फाइल तयार झालेली असते आणि ती कोणाच्या पेनड्राइव्हवर गेली हे नंतर कळत नाही. डबी तारेवरच बसते. कॅसेटवरून कॅसेट काढून देताना, स्थानिक केबलचालकाला थेट जोडणी देताना, किंवा जुन्या धाटणीच्या पाळत कॅमेऱ्याच्या तारेवर, सहीविना प्रत खोलीबाहेर पडतच नाही.

कॅसेटवरच्या सहीने खरोखर काय साधते, याचे गाजलेले उदाहरण हॉलिवूडमधले आहे. २००३ च्या शरद ऋतूत चित्रपट कंपन्यांनी चोरीच्या भीतीने ऑस्करच्या मतदारांना घरी पाहण्यासाठी प्रती पाठवणेच बंद केले. त्यावर गदारोळ झाला आणि तडजोड निघाली : केवळ अकादमीच्या सदस्यांना, प्रत्येकाची वेगळी खूण मिसळलेल्या व्हीएचएस कॅसेट द्यायच्या. २००४ च्या सुरुवातीलाच ‘समथिंग्ज गॉट्टा गिव्ह’ या चित्रपटाची प्रत इंटरनेटवर आली. खूण तपासली गेली, ती एका ज्येष्ठ अभिनेत्याला पाठवलेल्या कॅसेटची निघाली. अकादमीने त्याला सदस्यत्वावरून काढले. तोवरच्या तिच्या इतिहासात असे कधी घडले नव्हते. पण त्या अभिनेत्याने स्वतः नक्कल केलीच नव्हती. कॅसेट त्याने एका परिचिताकडे पाठवली होती, पुढचे उद्योग त्या परिचिताचे. प्रत कोणत्या दारातून बाहेर पडली एवढेच खुणेने सांगितले. बाकीचे पोलिसांना शोधावे लागले.

मालकीच्या दाव्यात तर खूण याहूनही अपुरी पडते. १९९८ मध्ये स्कॉट क्रेव्हर, नासिर मेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक त्रासदायक डाव दाखवून दिला. समजा, चित्रणकाराने मूळ चित्रणात आपली सही मिसळून प्रत बाहेर दिली. तोतयाने ती प्रत घेतली, स्वतःची एक सही रचली आणि ती प्रतीतून वजा केली. जे उरले ते त्याने ‘माझे मूळ’ म्हणून तिजोरीत ठेवले. आता तो म्हणतो, बाजारात फिरणारी प्रत म्हणजे माझे मूळ अधिक माझी सही. बेरीज अगदी बरोबर जुळते! मूळ वजा करून सही शोधण्याची पद्धत वापरली तर गंमत अशी की, खऱ्या चित्रणकाराच्या मूळ चित्रणातही तोतयाची सही ‘सापडते’, जशी तोतयाच्या ‘मूळ’ चित्रणात चित्रणकाराची. दोन्ही पारडी समतोल. पट्ट्यांच्या मतमोजणीत वजाबाकी लागत नाही, पण तेथेही पळवाट आहे. प्रत हाती असताना तोतया हजारो किल्ल्या लावून पाहतो आणि योगायोगाने जुळणारी एखादी निवडून ‘ही माझी’ म्हणतो. ७४० मध्ये एकाची अट असेल तर त्याला फार वेळ लागणार नाही.

म्हणून सहीपेक्षा सहीची तारीख महत्त्वाची ठरते. किल्ली आधी ठरली, प्रत नंतर बाहेर पडली, हे तिसऱ्या कोणाकडून सिद्ध व्हायला हवे. शिवाय किल्ली मनाने न निवडता मूळ चित्रणातूनच निघालेली असावी. मूळ फाइलचा एसएचए-२५६ या पद्धतीने ६४ अक्षरांचा ठसा काढतात. फाइलीतले एक बिट बदलले तरी ठसा पूर्ण बदलतो आणि ठशावरून फाइल रचता येत नाही. त्या ठशावरून आणि मालकाच्या गुप्त शब्दावरून किल्ली बनवली, की तोतयाचा उलटा हिशेब अडतो. त्याला आधी सही ठरवून मागून तिला साजेसे ‘मूळ’ घडवायचे असते, आणि तेच आता अशक्य होते. तारखेचा प्रश्न स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा यांनी १९९१ मध्ये हाताळला. त्यांच्या पद्धतीवर उभी राहिलेली कंपनी १९९५ पासून अशा ठशांचा एकत्रित ठसा ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या छोट्या जाहिरातींत छापत आली. गावोगावच्या वाचनालयांत गेलेला अंक मागे जाऊन कोणाला बदलता येत नाही. ज्याला परदेशी कंपनी परवडत नाही, त्याला स्थानिक दैनिकातली दोन ओळींची जाहिरातही तेच काम देईल.

अ‍ॅनालॉग कॅसेटला येथे एक अनपेक्षित लाभ मिळतो. डिजिटल फाइलची प्रत मुळाइतकीच चांगली असते, कॅसेटची नसते. प्रत्येक पिढीला चित्र मऊ होते, रंग ओघळतात, दाणे वाढतात. तोतयाने वजाबाकी करून घडवलेले ‘मूळ’ निदान एक पिढी मागे असते आणि जाणकाराच्या नजरेतून ते सुटत नाही. कॅमेऱ्यातून निघालेली पहिली कॅसेट, तिच्यावरची हस्ताक्षरातली चिठ्ठी, त्या रात्रीची न कापलेली सुरुवात-शेवट ही सारी साक्ष मायक्रोकंट्रोलरच्या पलीकडची आहे. अनेकांनी संगणकावर उतरवल्यावर नेमक्या याच कॅसेट रद्दीत दिल्या, हे दुर्दैव.

भारतीय कायद्यात अशा सहीला २०१२ पासून संरक्षण आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये त्या वर्षी घातलेले कलम ६५ ब सांगते की, कृती, कलाकार, मालक यांची ओळख देणारी माहिती, त्यात क्रमांक आणि सांकेतिक खुणाही आल्या, अधिकार नसताना जाणूनबुजून काढणे किंवा बदलणे हा गुन्हा असून त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. मात्र व्याख्येत एक अपवाद आहे : वापरणाऱ्याची ओळख पटवण्यासाठी केलेली योजना या संरक्षणात येत नाही. म्हणजे ‘हे अमुक मंडळाचे’ सांगणारी खूण या कलमाखाली येते, ऑस्करच्या कॅसेटसारखी ‘ही प्रत अमुक सदस्याची’ सांगणारी खूण येत नाही. याच क्रमांकाचे कलम जुन्या पुरावा कायद्यातही होते, इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्राचे, आणि त्यामुळे वकिलांच्या कागदपत्रांतही कधी कधी घोटाळा होई. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ ने घेतली. त्याच्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात फाइलचा ठसा लिहिण्याची जागाच दिलेली आहे. ज्याने तो चित्रण उतरवले त्याच दिवशी काढून ठेवला, त्याचे निम्मे काम झाले.

आणि तरीही निकाल उलटा लागू शकतो, तो तंत्रामुळे नव्हे तर कलम १७ मुळे. दुसऱ्याच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन चित्रण केले असेल आणि वेगळा करार नसेल, तर त्याचा पहिला मालक चित्रण करवून घेणारा असतो. लग्नाच्या कॅसेटवर स्टुडिओची कितीही पक्की सही असली तरी ती वधू-वरांच्या घराची ठरू शकते. मंडळाने पैसे देऊन नाटक चित्रित करवले असेल, तर ते मंडळाचे. त्यातही नाटककाराचा हक्क वेगळा, संगीताचा वेगळा, आणि कलम ३८ प्रमाणे नट-गायकांचा प्रयोगावरचा हक्क ५० वर्षांचा. सहीने फार तर एवढे सिद्ध होते की ही फीत या डबीतून गेली. डबी कोणासाठी चालत होती, ते पावतीवर आणि करारावर लिहिलेले असते.

या साऱ्या खटाटोपाला मुदत आहे ती मात्र कायद्याची नव्हे. कोकणपट्टीच्या दमट पावसाळ्यात कॅसेटच्या फितीवर बुरशी धरते; झाकण उघडून पाहिले तर गुंडाळीच्या कडेला पांढरट ठिपके दिसतात. अशी फीत स्वच्छ केल्यावाचून व्हीसीआरमध्ये घातली, तर बुरशी हेडवर जाते आणि तेथून त्यानंतर लावलेल्या प्रत्येक कॅसेटवर. व्हीसीआर बनवणारी जगातली शेवटची ज्ञात कंपनी, जपानची फुनाई, हिने २०१६ च्या जुलैमध्ये उत्पादन बंद केले. त्यानंतर जे काही उतरवायचे ते दुरुस्त करून चालवलेल्या जुन्या यंत्रांवरच.